संगणकात अडकलेले कार्ड

नांदेड-लातूरकडच्या लग्नसराईची आठवण पूर्वी फोटोच्या रिळावर राही; आता ती अंगठ्याच्या पेराएवढ्या मेमरी कार्डावर राहते. हळदीपासून वरातीपर्यंतचा सारा सोहळा, अक्षता टाकणारी माणसे, पाठवणीच्या वेळी डोळे पुसणारी आई, हे सर्व ज्या तुकड्यावर मावते तो केवळ ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद आणि २.१ मिलिमीटर जाड असतो. मोबाईलमध्ये घालतात ते कार्ड तर याहूनही लहान : १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद आणि अवघे १ मिलिमीटर जाड. असे कार्ड संगणकात घालणे कोणालाही जमते. अडचण उभी राहते ती ते बाहेर काढताना. फोटो उतरवून घेतले, काम झाले असे वाटले, म्हणून कार्ड काढावयास जावे तो पडद्यावर सूचना येते की हे साधन सध्या वापरात आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा प्रयत्न करावा, तर पुन्हा तेच उत्तर. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेले असते, दुसऱ्या लग्नाची वेळ झालेली असते, आणि मग माणूस वैतागून कार्ड सरळ उपटून काढतो. 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' ही आपली म्हण येथे अगदी वेगळ्या अर्थाने खरी ठरते.

कार्ड न निघण्याचे दोन प्रकार आहेत, आणि प्रथम ते वेगळे ओळखले पाहिजेत. पहिल्या प्रकारात कार्ड हाताला मोकळे असते, परंतु संगणक ते सोडावयास तयार नसतो. दुसऱ्या प्रकारात संगणकाची काही हरकत नसते, पण कार्ड खाचेत अडकून बसलेले असते. पहिल्याला आपण 'नकार' म्हणू आणि दुसऱ्याला 'अडकणे' म्हणू. दोहोंचे उपाय निराळे आहेत. नकाराच्या वेळी बळ वापरले तर कार्डावरील मजकूर जातो. अडकण्याच्या वेळी बळ वापरले तर कार्ड आणि खाच दोन्ही जातात. बळाचा उपयोग दोन्ही ठिकाणी नाही, हे मात्र सारखेच.

येथे कोणी म्हणेल की एवढ्याशा गोष्टीसाठी व्याख्यान कशाला? आमच्या मते गोष्ट लहान नाही. फोटोचे रीळ होते त्या काळी निगेटिव्ह स्टुडिओत राही आणि छापलेला फोटो घरी जाई. एक गहाळ झाला तरी दुसऱ्यावरून काम भागे. कार्डाचे तसे नाही. त्यावरील मजकुराची दुसरी प्रत आपण होऊन काढीपर्यंत तीच मूळ प्रत आणि तीच एकमेव प्रत असते. शिवाय कार्डावर आता केवळ लग्ने राहिलेली नाहीत. हैदराबाद मुक्तिसंग्राम ज्यांनी जाणत्या वयात पाहिला त्यांचाच विचार करा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी जो मुलगा पंधरा वर्षांचा होता, तो मुक्तीला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली त्या २०२३ साली नव्वदीचा झाला. अशा एखाद्या आजोबांच्या तोंडून रझाकारांच्या काळातील आठवणी कोणी विद्यार्थ्याने टिपून घेतल्या, आणि त्या आजोबांची पुन्हा भेट होणे नसले, तर ते कार्ड म्हणजे एक दस्तऐवजच होय. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्या लातूर जिल्ह्याने पाहिली, त्याला घराबरोबर घरातील फोटोही कसे नाहीसे होतात हे निराळे सांगावे लागत नाही. भूकंप आपल्या हाती नसतो. कार्ड उपटणे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती असते.

आता कार्ड म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. त्याच्या पोटात फिरणारे, सरकणारे असे काही नसते. वीज बंद झाली तरी नोंद टिकवून ठेवणारी एक स्मृती तेवढी असते. या स्मृतीला फ्लॅश म्हणतात, आणि तिचा शोध तोशिबा या जपानी कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात लावला. १९९४ साली कॉम्पॅक्टफ्लॅश नावाचे जाडसर कार्ड आले. १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केले. आज कॅमेऱ्यात आणि संगणकात सर्वत्र दिसते ते बहुधा याच घराण्यातले. स्मृतीबरोबरच कार्डात एक छोटा नियंत्रकही असतो. कोणता मजकूर कोठे ठेवावयाचा, झिजलेली जागा सोडून नवी कोणती घ्यावयाची, ही व्यवस्था तो आतल्या आत पाहतो. म्हणजे पडद्यावर 'प्रत पूर्ण झाली' असे दिसल्यानंतरही कार्डाचे स्वतःचे काम क्षणभर चालू राहू शकते. यासाठीच वीज काढून घेण्यापूर्वी संगणकाने कार्डाला 'आता आवर' असे सांगणे आवश्यक असते. इजेक्ट म्हणतात ती क्रिया वस्तुतः हीच. तिचा अर्थ 'बाहेर फेकणे' असा नसून 'हिशेब मिटविणे' असा आहे.

हिशेबाचा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. लातूरच्या आडत बाजारात तुरीची किंवा सोयाबीनची आवक भर जोरात असते तेव्हा मुनीम काय करतो? काट्यावर माल चढतो, मापाडी आकडा सांगतो, आणि मुनीम तो हाताशी असलेल्या चिठ्ठीवर टिपून घेतो. प्रत्येक पोत्यामागे तो वही उघडीत बसला तर बाजार दुपारपर्यंतही उरकणार नाही. चिठ्ठ्या साठतात, मग त्यांवरून कीर्द लिहिली जाते, आणि कीर्दीवरून खतावणी होते. संगणकाचेही असेच आहे. कार्डावर लिहिण्याचे काम त्याच्या स्वतःच्या चालीच्या मानाने फार सावकाश होते. म्हणून तो लिहावयाचा मजकूर आधी आपल्या जलद स्मृतीत टिपून ठेवतो, 'झाले' असे आपल्याला सांगून मोकळा होतो, आणि मागाहून सवडीने तो कार्डावर उतरवितो. या टिपणाला कॅश म्हणतात. चिठ्ठ्या खतावणीत चढण्यापूर्वीच कोणी खतावणी उचलून नेली तर? माल आला, पैसे दिले गेले, पण खात्यावर काहीच नाही! अर्धवट प्रत झालेल्या कार्डाची स्थिती नेमकी अशीच होते.

हा दृष्टान्त आणखी एक पाऊल पुढे नेता येतो. कार्डावर मजकूर असतो तशी त्या मजकुराची एक यादीही असते. कोणता फोटो कोणत्या घरात सुरू होतो, पुढचा तुकडा कोठे आहे, कोणती घरे रिकामी आहेत, हे सर्व त्या यादीत लिहिलेले असते. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर ही यादी सामान्यतः फॅट-३२ या पद्धतीने आणि त्याहून मोठ्या कार्डांवर एक्स-फॅट या पद्धतीने ठेवतात. फॅट पद्धतीचे मूळ १९७७ पर्यंत मागे जाते. ती साधी आहे, म्हणून कॅमेरा, दूरदर्शन संच, संगणक, सर्वांना वाचता येते. परंतु ती कीर्द ठेवीत नाही. थेट खतावणीत लिहिते. विंडोजच्या संगणकातील आतली डिस्क बहुधा एनटीएफएस पद्धतीची असते आणि ती कीर्द ठेवते, म्हणून एकाएकी वीज गेली तरी कीर्द पाहून तिला आपल्या याद्या बऱ्याच अंशी सावरता येतात. कार्डाला ही सोय नाही. यादी लिहिता लिहिता कार्ड उपटले गेले तर यादीचे अर्धे पान जुने आणि अर्धे नवे, असा प्रकार होतो. मग त्या क्षणी लिहिला जात असलेला एकच फोटो जातो असे नाही. आधीच नीट उतरलेले शेकडो फोटोही जागच्या जागी असून दिसेनासे होऊ शकतात. घाईची शिक्षा जी अनेकदा अवाच्या सवा वाटते, तिचे कारण हे आहे.

लिहिणे चालू असताना संगणकाने नकार द्यावा हे समजते. पण आपण काहीच लिहीत नसताना, नुसते फोटो पाहून झाल्यावरही, तो नकार का देतो? येथे ग्रंथालयाची पद्धत आठवावी. वाचक पुस्तक मागतो तेव्हा त्याच्या नावावर नोंद होते. त्याने ते वाचले की नुसते टेबलावर ठेवून डुलकी काढली, हे ग्रंथपाल पाहत नाही. नोंद आहे तोवर पुस्तक बाहेर आहे, आणि पुस्तक बाहेर आहे तोवर कपाटाला कुलूप लावता येत नाही. संगणकातील प्रत्येक प्रोग्राम कार्डावरील फाईल उघडतो तेव्हा त्याच्या नावावर अशीच नोंद पडते. त्यातली एकही नोंद शिल्लक असली तर संगणक कार्ड सोडीत नाही. तो हट्टाला पेटलेला नसतो; कोणाचे तरी काम अपुरे आहे एवढेच तो कळवीत असतो. तेव्हा आपल्यापुढचा प्रश्न 'कार्ड कसे ओढावे' हा नसून 'कोणी धरून ठेवले आहे' हा आहे.

धरून ठेवणारे काही उघड असतात, काही आडून असतात. उघड म्हणजे फोटो पाहण्याचा प्रोग्राम, कार्डावरूनच उघडलेले एखादे पत्र, चालू असलेले गाणे, किंवा थेट कार्डावरील चित्रफीत घेऊन बसलेला संकलनाचा प्रोग्राम. यांत एक खुबी आहे. खिडकी लहान करून खाली ठेवली म्हणजे ती बंद झाली असे नव्हे. आडून धरणाऱ्यांत पहिला म्हणजे व्हायरस तपासणारा प्रोग्राम. कार्ड घालताच तो फाईली चाळू लागतो, आणि कार्डावर हजारभर फोटो असले तर त्याला वेळ लागतो. दुसरा म्हणजे शोधासाठी सूची करणारा. मॅक संगणकावर स्पॉटलाईट हे काम करतो. तिसरा फोटोंच्या छोट्या प्रतिमा तयार करणारा, आणि चौथा इंटरनेटवर आपोआप प्रती चढविणारा. आणखी एक धरणारा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आज्ञा टंकण्याची काळी खिडकी उघडी असेल आणि तिचा मुक्काम कार्डावर असेल, तर एकही फाईल उघडी नसताना कार्ड सुटत नाही. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. वाहतूक तुंबली की दोष कोणत्या रस्त्याचा हे गोलाईत उभे राहून कळत नाही, एकेक रस्ता पाहावा लागतो. येथेही तसेच करावे.

क्रम असा ठेवावा. पहिली गोष्ट, थांबावे. कार्ड वाचणाऱ्या साधनावर दिवा असेल तर तो लुकलुकतो आहे का ते पाहावे; लुकलुकत असेल तर काम चालू आहे. एक-दोन मिनिटे थांबल्याने नकार आपोआप मिटतो, असा पुष्कळदा अनुभव येतो. दुसरी गोष्ट, कार्डावरील काही दाखविणाऱ्या सर्व खिडक्या आणि ते प्रोग्राम पूर्णपणे बंद करावेत, आणि मग पुन्हा इजेक्ट करून पाहावे. तिसरी गोष्ट, प्रती काढण्याचे काम कोठे अडून तर बसले नाही ना हे पाहावे. 'याच नावाची फाईल आधीच आहे, काय करू?' असा प्रश्न विचारणारी छोटी खिडकी दुसऱ्या खिडकीमागे दडलेली असते, आणि आपण इकडे तिच्या उत्तरासाठी नव्हे, तर कार्डासाठी ताटकळत असतो.

एवढ्याने भागले नाही तर धरणाऱ्याचे नाव काढावे. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर नावाचे एक साधन असते. त्यातील सीपीयू या पानावर 'असोसिएटेड हँडल्स' असा भाग आहे. तेथील शोधाच्या चौकटीत कार्डाला संगणकाने दिलेले अक्षर आणि त्यापुढे विसर्गासारखे दोन ठिपके टंकले, की त्या कार्डावरील फाईल कोणत्या प्रोग्रामने उघडली आहे त्याची यादी समोर येते. दुसरी जागा म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. ही संगणकाची रोजनिशीच होय. तिच्या सिस्टीम या विभागात 'कर्नेल-पीएनपी' या नावाखाली २२५ क्रमांकाची नोंद शोधावी. कोणत्या प्रोग्रामने साधन काढू दिले नाही हे तीत लिहिलेले असते. मॅक आणि लिनक्स या पद्धतींवर 'एलएसओएफ' ही आज्ञा हेच काम करते. नाव कळल्यावर तो प्रोग्राम सरळ मार्गाने बंद करावा. व्हायरस तपासणारा असेल तर त्याचे काम पुरे होऊ द्यावे. विंडोजचे स्वतःचे नाव दिसले तर ते बळाने बंद करण्याच्या भरीस पडू नये. पुढच्या उपायाकडे वळावे.

तो उपाय म्हणजे संगणक रीतसर बंद करणे. बंद होताना संगणक सर्व नोंदी मिटवितो आणि उरलेले टिपण कार्डावर उतरवितो, म्हणून हा मार्ग खात्रीचा आहे. पण येथे दोन सावधगिऱ्या हव्यात. लॅपटॉपचे झाकण मिटणे म्हणजे संगणक बंद करणे नव्हे. झाकण मिटल्यावर तो बहुधा नुसता झोपतो, आणि झोपलेल्याच्या नावावरील पुस्तके परत आलेली नसतात. दुसरे असे की, विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची एक सोय असते. ती चालू असली तर 'शट डाउन' केल्यावरही संगणक आपली काही स्थिती राखून ठेवतो. शिफ्ट ही कळ दाबून धरून शट डाउन केले म्हणजे तो खरोखर पूर्ण बंद होतो. दिवे विझल्यावर क्षणभर थांबून कार्ड काढावे. मॅकवर 'फोर्स इजेक्ट' असा एक पर्याय दिसतो. लिहिण्याचे काम काही चालू नाही याची खात्री असल्यावाचून तो वापरू नये. बळ येथेही बळच आहे, ते बटणावर लिहिलेले आहे एवढाच फरक.

जाणकार श्रोत्यांपैकी कोणी येथे आक्षेप घेतील की, अलीकडे इजेक्ट करण्याची गरजच उरलेली नाही. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, तो सांगितला पाहिजे. २०१८ साली आलेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने बाहेरून जोडावयाच्या साधनांसाठी 'लवकर काढता येणे' हे धोरण मूळचे म्हणून ठरविले. म्हणजे मुनिमाने चिठ्ठ्या साठवू नयेत, आले की चढवावे, असा नियम झाला. यामुळे धोका पुष्कळ कमी झाला हे खरे. परंतु प्रत चालू असताना कार्ड ओढले तर हा नियम काय करणार? खतावणीत लेखणी टेकलेली असतानाच वही ओढली, तर चिठ्ठ्या नसल्याचा उपयोग नाही. शिवाय हे धोरण प्रत्येक संगणकावर बदलता येते; स्टुडिओतील संगणकावर कामाचा वेग वाढावा म्हणून ते कोणी बदललेलेही असू शकते. मॅक आणि लिनक्स यांचे नियम वेगळे आहेत; त्यांवर टिपण साठविले जाते आणि इजेक्ट करणे आवश्यकच आहे. आज या संगणकावर आणि उद्या त्या संगणकावर काम करणाऱ्या माणसाने सर्वत्र चालेल अशी एकच सवय ठेवावी हे बरे. याच ओघात विजेचेही सांगावयास हवे. टेबलावरील संगणकाची वीज एकाएकी गेली म्हणजे कार्ड उपटल्यासारखेच होते. आपल्याकडे वळवाच्या पावसाची पहिली वावटळ उठली की वीज जाते हे सर्वांस ठाऊक आहे. यूपीएस नसेल तर आभाळ भरून आलेले असताना कार्डावरून मोठे काम हाती घेऊ नये.

आता अडकण्याकडे वळू. खाचांचे सामान्यतः दोन प्रकार आढळतात. एकीत कार्ड नुसते सरकते, अर्धे बाहेर राहते आणि चिमटीत धरून ओढता येते. दुसरीत कार्ड आत दाबले की 'टक्' असा आवाज होऊन बसते आणि पुन्हा दाबले की सुटते. या दुसऱ्या प्रकारात आत एक स्प्रिंग असते आणि बदामाच्या आकाराच्या खोबणीतून फिरणारी एक बारीक तार असते. पहिल्या दाबाने तार खोबणीच्या खळग्यात अडकते. दुसऱ्या दाबाने ती पुढे सरकून मोकळी होते आणि स्प्रिंग कार्ड बाहेर लोटते. हे ध्यानात घेतले म्हणजे अशा खाचेतील कार्ड ओढण्यात काय चूक आहे ते उमगते. ओढल्याने तार खळग्यात अधिकच घट्ट बसते. सोडविण्याचा मार्ग बाहेरच्या दिशेने नसून आतल्या दिशेने आहे.

असे दाबूनही कार्ड येत नसेल तर कारणे बहुधा साधी असतात. आपल्याकडील काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात कोठे शिरत नाही? ती खोबणीत बसली की तार नीट फिरत नाही. कार्डावर 'हळद', 'साखरपुडा' असे लिहून चिकटविलेल्या कागदी चिठ्ठ्या हे दुसरे कारण. खाचेत अंतर मिलिमीटरच्याही अंशांचे असते. तेथे उन्हाने डिंक सुटलेल्या चिठ्ठीचा कोपरा पाचरीचे काम करतो. तिसरे कारण म्हणजे छोटे कार्ड ज्यात घालून वापरतात तो अ‍ॅडॅप्टर. तो दोन पातळ पाकळ्या जोडून केलेला असतो आणि जुना झाला की आतच उकलतो. चौथे कारण म्हणजे छोटे कार्ड अ‍ॅडॅप्टरवाचून मोठ्या खाचेत घालणे. ते तेथे धरले जात नाही, आत घरंगळते.

उपायांत पहिला संगणक पूर्ण बंद करणे, त्याची वीज काढणे आणि बॅटरी निघत असेल तर काढणे हा होय. मग नखाने किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कार्डाच्या मधोमध, सरळ रेषेत, हळूच दाबून सोडावे. एका कोपऱ्यावर दाबले तर ते तिरके होऊन अधिक अडकते. दोनचार वेळा असे केल्याने तार बहुधा सुटते. घरंगळलेल्या छोट्या कार्डासाठी खाच जमिनीकडे करून संगणकाच्या अंगावर तळहाताने हलकेच थोपटावे. सुई, केसांची पिन, लोखंडी चिमटा यांपैकी काहीही आत घालू नये. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांना टेकणाऱ्या खाचेतील तारा केसासारख्या नाजूक असतात. त्या वाकल्या की कार्ड निघूनही खाच निकामी होते. तेल सोडणे आणि काडीला गोंद लावून कार्ड चिकटवून ओढणे हे उपाय कोणी सुचविले तरी करू नयेत.

एवढे करूनही कार्ड हलले नाही तर दुरुस्ती करणाऱ्याकडे जावे, आणि जाताना त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगावी : खाच मोडली तरी चालेल, कार्ड मोडता कामा नये. हे सांगितले नाही तर त्याची समजूत साहजिकच उलट असते. त्याच्या दृष्टीने लॅपटॉप हजारो रुपयांचा आणि कार्ड काही शेकड्यांचे. तो लॅपटॉप वाचवावयास पाहील. कोणत्या वस्तूत आपला जीव गुंतला आहे हे आपल्यावाचून त्याला कोण सांगणार? घरातील खाजगी फोटो कार्डावर असतील तर काम समोर बसून करून घ्यावे, यातही संकोच मानू नये.

आता समजा की व्हावयाचे ते झाले. कार्ड ओढले गेले, आणि पुन्हा घातल्यावर संगणक म्हणतो की हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर द्यावे. पुष्कळदा मजकूर जागेवर असतो, फक्त त्याची यादी बिघडलेली असते. कार्ड तत्काळ काढून बाजूला ठेवावे. त्यावर नवा फोटो काढू नये, नवी फाईल ठेवू नये. मोठ्या कार्डाच्या कडेला एक सरकणारा खटका असतो, तो 'लॉक'च्या बाजूला करावा. हा खटका म्हणजे कुलूप नव्हे. संगणकाला दिलेली ती केवळ एक खूण आहे, पण सामान्यतः ती पाळली जाते. संगणकाने आपण होऊन 'दुरुस्त करू का?' असे विचारले तर मजकूर मोलाचा असल्यास तेही लगेच मान्य करू नये, कारण दुरुस्ती म्हणजे त्याच यादीवर पुन्हा लिहिणे. प्रथम संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर करून घ्यावी किंवा जाणकाराकडून करवावी, आणि मग त्या प्रतीवर प्रयोग करावेत. फोटोरेक नावाचा एक मोफत प्रोग्राम यादीकडे न पाहता मजकूर चाळतो आणि फोटोंच्या आरंभीच्या खुणा ओळखून ते वेगळे काढतो. त्यात फाईलींची मूळ नावे जातात, क्रम विस्कटतो, तरी चेहरे परत मिळतात. वाचविलेले फोटो मात्र त्याच कार्डावर ठेवू नयेत, दुसरीकडे ठेवावेत.

या सर्व विवेचनाचा सारांश आम्ही असा काढतो. संगणकाने नकार दिला तर कोणी धरले आहे ते शोधावे. खाचेने अडविले तर ओढू नये, दाबून सोडावे. दोन्ही ठिकाणी काही सुचले नाही तर संगणक रीतसर बंद करावा. आणि या तिन्हींपूर्वीची एक गोष्ट म्हणजे दुसरी प्रत. कार्डावरील फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरविल्यावाचून, आणि त्यांतले दहापाच उघडून पाहिल्यावाचून, कार्ड पुसू नये. पुसावयाचे झाल्यास ते ज्या कॅमेऱ्यात वापरावयाचे त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे. स्टुडिओवाल्याने लग्नसराईत चार कार्डे जास्त बाळगली तर त्याचा खर्च एका अल्बमच्या मानाने नगण्य आहे. हाताशी मोकळे कार्ड असले की घाईचे मूळच नाहीसे होते, आणि संगणकात गुंतलेले कार्ड त्याचे काम पुरे होईपर्यंत तेथे खुशाल राहू शकते. लग्नघरच्या माणसांनीही फोटो 'आत्ताच्या आत्ता' मागण्याचा आग्रह थोडा आवरता घ्यावा, असे आमचे सांगणे आहे. उशिरा मिळालेला फोटो घरात वर्षानुवर्षे राहील. घाईत गेलेला फोटो पुन्हा काढावयाचा तर त्यासाठी तीच माणसे, तेच वय आणि तोच मुहूर्त परत आणावा लागेल.